खांब दगडावर, छप्पर वाऱ्यावर

१. नुसता टेकलेला खांब

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत खांबाच्या बुडाशी वाकून पाहिले, की एक प्रश्न कुणालाही पडतो. हा खांब खाली कशाला जोडला आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच : कशालाच नाही. जोत्यात काळ्या दगडाचा चौकोनी तळखडा बसवलेला असतो आणि सागाचा, ऐनाचा किंवा किंजळाचा खांब त्यावर उभा असतो. फार तर खांबाच्या बुडाला बोटभर कुसू काढलेले असते आणि दगडात तेवढीच खोबण. खिळा नाही, पट्टी नाही, बोल्ट नाही.

तरीही अशी घरे तीन-तीन पिढ्या नांदली. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढात घाटाच्या अंगाने येणारा वारा दिवस-दिवस थांबत नाही. हे सगळे त्या घरांनी सोसले. मग आज घर दुरुस्त करायला घेतले की इंजिनिअर खांब पायाला बोल्टने बांधा असा आग्रह का धरतात?

जुन्या सुतारांना कळत नव्हते म्हणावे, तर त्यांची घरे समोर उभी आहेत. नव्यांचा आग्रह फुकटचा म्हणावा, तर ३ जून २०२० ची दुपार आड येते. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून आतल्या तालुक्यांपर्यंत हजारो घरांची छपरे त्याने उचलली. काही ठिकाणी नुसती कौले गेली, काही ठिकाणी पत्रे, आणि काही ठिकाणी वासे-रिपांसकट सगळा सांगाडा वर गेला.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घराच्या वजनाचा हिशेब मांडला की त्यांचा मेळ लागतो.

२. वजनाने उभे घर

जुन्या कौलारू घरात भार एकाच दिशेने वाहतो : वरून खाली. कौले रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि तुळयांवर, तुळया खांबांवर, खांब तळखड्यावर. प्रत्येक जोड दाबाने घट्ट राहतो, म्हणून तो ओढला गेला तर काय होईल याचा विचार करायची वेळ सुताराला क्वचितच येई. कुसू खोबणीत बसवले, वर पुरेसे वजन ठेवले की काम झाले.

हे वजन थोडेथोडके नव्हते. इमारतीवरचे भार मोजण्यासाठी जे भारतीय मानक वापरतात, त्यात रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरलेले आहे. सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब छप्पर म्हणजे साठ चौरस मीटर. म्हणजे कौले आणि रिपाच ३९०० किलोंच्या झाल्या, जवळजवळ चार टन. वासे, आढे, तुळया वेगळ्या. एवढे ओझे डोक्यावर असताना खांब जागचा हलायला फार मोठा जोर लागतो.

नुसत्या टेकलेल्या खांबाचा आणखी एक गुण आहे आणि तो आधुनिक शास्त्रानेही मान्य केला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर पोलादपूरपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर आहे. भूकंपात जमीन आडवी हलते. खांब जमिनीत रोवलेला असेल तर तोही तिच्याबरोबर झटका खातो; दगडावर नुसता टेकलेला असेल तर थोडा सरकतो आणि झटक्याचा काही भाग वाया जातो. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४३२६ लाकडी घरांसाठी दोन्ही मार्ग मोकळे ठेवते. घराचा वरचा सांगाडा जोत्यावर नुसता टेकवा आणि त्याला सरकू द्या, नाहीतर तो पायाशी पक्का जखडा. पायाशी न जोडलेली लाकडी घरे मोठ्या भूकंपातही बाजूला सरकून उभी राहिल्याचा अनुभव त्या मानकाने नोंदवला आहे.

म्हणजे तळखड्यावरच्या खांबात अडाणीपणा नव्हता. ती पद्धत दोन अटींवर चालते. डोक्यावर वजन असले पाहिजे आणि वारा त्या वजनापेक्षा कमी ओढणारा असला पाहिजे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पहिली अट घराघरांतून मोडली गेली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वजन हा काही निखळ मित्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जाड धाब्यांनी आणि दगडी भिंतींनी माणसे गाडली. जड छप्पर वाऱ्यात घर राखते आणि भूकंपात घरातल्या माणसांवर येते. म्हणून आजच्या घराचे छप्पर हलके असावे हे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की कौलांचे वजन घराला जमिनीवर धरून ठेवण्याचे जे काम करत होते, ते आता कोण करणार?

३. वारा छपराला ओढतो

वारा घराला ढकलतो हे सगळ्यांना समजते. तो छप्पर वर ओढतो हे पटायला वेळ लागतो.

वारा घरावर आदळला की त्याला भिंतीला वळसा घालून आणि छपरावरून उसळून जावे लागते. वळताना त्याचा वेग वाढतो आणि वेग वाढलेल्या हवेचा दाब कमी होतो. घरातली हवा मात्र जवळपास स्थिर असते, तिचा दाब जास्त राहतो. छपराच्या खालून जास्त दाब आणि वरून कमी, म्हणून छप्पर वर उचलले जाते. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी राहिली की आत शिरलेला वारा खालून आणखी रेटा देतो. वादळात दारे-खिडक्या बंद ठेवा असे सांगतात, त्यामागे पाऊस आत येऊ नये यापेक्षा मोठे कारण हे आहे.

किती जोर? आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात सोपा नियम आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. समजा वारा ताशी ११० किलोमीटरांचा आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.६ मीटर. त्याचा वर्ग ९३६ च्या आसपास, ०.६ ने गुणल्यावर ५६०. किलोच्या भाषेत दर चौरस मीटरला साधारण ५७ किलो. छपराचा उतार, वाऱ्याची दिशा, उघडी दारे यांनुसार प्रत्यक्ष ओढ कमी-जास्त होते. पाख्याच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ ती दीडपट-दुप्पटही होते. आपण हिशेबासाठी ५७ च धरू.

आता शेजारी-शेजारी दोन घरे आहेत. पहिल्यावर मंगळुरी कौले. खाली दाबणारे वजन ६५ किलो, वर ओढणारा वारा ५७ किलोंचा. सांगाडा जागेवर राहील. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब थोडाफार सारखा होतो. कडेची कौले उडतील, घर राहील.

दुसऱ्या घराने कौले उतरवून पत्रा घातला. पत्रा, खालच्या पट्ट्या किंवा पाइप असे सगळे मिळून दर चौरस मीटरला पंधरा किलो धरू. ५७ मधून १५ वजा केले की ४२ किलोंची निव्वळ ओढ वरच्या दिशेने उरते. साठ चौरस मीटरच्या छपरावर ती २५२० किलो, म्हणजे अडीच टनांहून जास्त. पहिल्या घरात खांब दगडावर दाबले जात होते, दुसऱ्यात ते दगडावरून उपटले जात आहेत. खांब तेच, तळखडे तेच, जोते तेच. फक्त डोक्यावरचे ओझे गेले.

पत्रा घालण्यात काही चूक नाही. माकडे कौले फोडतात, दर वर्षी छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही, जुने वासे एवढा भार पेलत नाहीत. घरधन्याची ही कारणे अगदी खरी आहेत. पण पत्रा घालणाऱ्याने खालचा जोड बदलला नाही, तर काम अर्धेच झाले. पत्र्यावर मांडलेल्या दगडांनी ही भरपाई होत नाही. दर चौरस मीटरला ४२ किलोंचे दगड कुणी ठेवत नाही, आणि ठेवलेच तर वादळात ते शेजारच्या अंगणात पडतात.

पोलादपूरच्या वाड्यांना आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. आंबेनळी आणि कशेडी घाटांच्या परिसरातल्या अनेक वाड्या डोंगराच्या सोंडांवर वसलेल्या आहेत. चढ चढून माथ्यावर येणारा वारा वेग घेतो. टेकडीच्या माथ्यावर हा वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढलेला धरावा, असे वाऱ्याचे मानक सांगते. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग ३६ टक्क्यांनी वाढला की दाब ८५ टक्क्यांनी वाढतो. खोऱ्यातल्या घराला जी ओढ ५७ किलोंची, तीच सोंडेवरच्या घराला १०५ किलोंची. तिथे कौलांचे वजनही पुरत नाही.

४. ओढीची उलटी वाट

पत्र्याला लागलेली ओढ कुठेतरी जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. वजन ज्या वाटेने खाली येत होते, त्याच वाटेने ती येते : पत्र्यातून पट्टीत, पट्टीतून वाशात, वाशातून तुळईत, तुळईतून खांबात, खांबातून जोत्यात. या वाटेवर जो जोड ओढ सोसायला केलेला नाही, तिथे घर सुटते.

बहुतेक घरांत पत्रा पट्टीला नीट जोडलेला असतो, कारण पत्र्याबरोबर स्क्रू किंवा जे-हूक येतातच. पट्टी वाशाला जोडतात, पण खिळ्यांनी, आणि खिळा सरळ ओढला की निघून येतो. वासा तुळईवर कधी एका खिळ्यावर असतो, कधी नुसता खाचेत. तुळई खांबाच्या कुसवावर वरून बसवलेली असते, वर उचलली की सुटते. आणि खांब तळखड्यावर नुसता उभा. वरचा एक जोड पक्का केला, की ओढ त्याच्या खालच्या जोडावर जाते. म्हणूनच काही घरांत पत्रे घट्ट राहिले आणि सगळा सांगाडाच वर गेला.

अडीच टनांची ओढ बारा खांबांवर वाटली तर प्रत्येकी २१० किलो. कोपऱ्यातल्या खांबांना याहून जास्त. एवढी ओढ जमिनीत उतरवायची तर खांबाच्या बुडाला काहीतरी घट्ट धरून ठेवणारे हवे, आणि जे धरून ठेवते त्याला स्वतःचे वजन हवे.

यातली दुसरी गोष्ट अनेक जण विसरतात. जुने जोते दगड आणि माती रचून केलेले असते. त्यातल्या एखाद्या दगडात भोक पाडून बोल्ट कितीही पक्का बसवला, तरी ओढ लागली की तो दगडच मातीतून सुटून वर येतो. बोल्टला धरायला काँक्रीटचा ठोकळा लागतो. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. लांबी, रुंदी, उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट असलेला ठोकळा २१९ किलोंचा होतो. आपली ओढ २१० किलो. जेमतेम बरोबरी झाली. बाजू साठ सेंटिमीटरची केली तर वजन ५१८ किलो होते आणि मन निर्धास्त राहते. कौलांच्या रूपाने जे वजन छपरावर होते, ते आता पायात न्यायचे आहे. तिथे ते वाऱ्यात घर धरून ठेवते आणि भूकंपात कुणाच्या अंगावर पडत नाही.

५. पोलाद टिकते, लाकूड चेपते

ठोकळ्यात बोल्ट ओतला. आता तो लाकडाला धरायचा. इथे बहुतेकांचे लक्ष बोल्टच्या जाडीकडे जाते. बारा मिलिमीटरचा साधा बोल्ट सरळ ओढीत टनभर भार सहज घेतो. २१० किलो त्याला काहीच नाहीत. हार खाते ते लाकूड.

लाकूड म्हणजे खोडाच्या उभ्या दिशेत लागलेल्या नळीदार तंतूंची जुडी. उभे दाबले तर ते फार ताकदवान असते, म्हणून त्याचा खांब होतो. आडवे दाबले तर तंतू चेपतात आणि ताकद कितीतरी कमी भरते. तंतू एकमेकांपासून बाजूला ओढले तर लाकूड फाटते. कुऱ्हाडीने जळण फोडणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

आता भिंतीखाली जोत्यावर आडवी तुळई टाकून ती बोल्टने दाबली आहे असे समजू. बोल्टच्या डोक्यावर नट, नटाखाली बाजारात मिळणारा छोटा वायसर. त्याचे भोक सोडून लाकडावर टेकणारे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर. २१० किलो भागिले ३.१ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६८ किलो. सागासारख्या चांगल्या लाकडालाही आडव्या दाबात एवढा भार कायम देऊ नये. वायसर लाकडात रुतू लागतो, नट सैल होतो, तुळई वर उचलली जाते आणि बोल्टच्या रेषेत तिला उभी चीर पडते.

त्या जागी ७५ मिलिमीटर चौकोनी, जाड पोलादी पट्टी ठेवली तर टेकण्याचे क्षेत्रफळ ५५ चौरस सेंटिमीटर होते आणि दाब चार किलोंच्याही खाली येतो. भरलेल्या बादलीची बारीक कडी बोटांना कापते, तिच्यावर फडके गुंडाळले की तीच बादली घरापर्यंत नेता येते. पाणी तेवढेच, टेकण्याची जागा वाढली.

हा धडा कॅलिफोर्नियाने महागात शिकला. तिथली बहुतेक घरे लाकडी. भिंतींच्या बुडाशी आडव्या फळ्या असतात आणि त्या अर्ध्या इंची बोल्टने पायाला बांधलेल्या असतात. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात बोल्ट असूनही अनेक घरांच्या बुडाच्या फळ्या बोल्टच्या रेषेत फाटल्या. भिंत एका कडेने वर उचलली जात होती आणि छोटा वायसर फळीला मधोमध धरून बसला होता, त्यामुळे फळी आडवी वाकून चिरली. त्यानंतर तिथल्या नियमांत मोठ्या चौकोनी पट्ट्या आल्या.

बरोबर वर्षभराने, १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. तिथली जुनी लाकडी घरे आपल्या घरांच्या बरीच जवळची : खांब, तुळया, कुसू आणि वर जड कौले. घर डोलले तसे अनेक खांब बुडाच्या तुळईतून कुसवासकट उपसले गेले आणि घरे कोसळली. २००० मध्ये जपानने नियम बदलून प्रत्येक खांबाच्या जोडाला किती ओढ येईल त्याप्रमाणे धातूची जोडणी सक्तीची केली. कुसू अजूनही काढतात. पण ओढ घ्यायला आता त्याच्या जोडीला पोलाद असते.

६. कडे, ताटली, दातेरी पत्रा

आपल्याकडच्या घरात बुडाशी तुळई क्वचित असते, खांबच असतो. खांबासाठी सोपा उपाय म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची जाड पट्टी. तिचा तळ ठोकळ्यातल्या बोल्टला जोडायचा आणि दोन बाजू खांबाला बिलगून वर येतात. त्यांतून आरपार आडवा बोल्ट घालायचा. महाडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला ही पट्टी करता येते.

या आडव्या बोल्टच्या दोन गोष्टी सांभाळायच्या. भोक बोल्टपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटरच मोठे हवे. गिरमिटाने ढिले भोक पाडले तर बोल्ट लाकडाला भिडेपर्यंत खांब हलतो आणि हलता हलता भोक लांबट होत जाते. दुसरे म्हणजे भोक खांबाच्या टोकाच्या फार जवळ नको. ओढ लागली की बोल्ट त्याच्या खालचे लाकूड तंतूंच्या रेषेत फाडून निसटतो. कठीण लाकडात बोल्टच्या जाडीच्या पाचपट, नरम लाकडात सातपट अंतर सोडावे. बारा मिलिमीटरच्या बोल्टला सातपट म्हणजे ८४ मिलिमीटर, सव्वातीन इंच.

पण भार मोठा असला, किंवा भूकंपासारखा पुन्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी येणारा असला, की बारा मिलिमीटर रुंदीचा बोल्ट लाकडाला चिरडतो. बोल्ट जाड करून फारसा फायदा नाही, कारण मोठे भोक खांबालाच कमकुवत करते. इथे लाकडी जोडांसाठी खास केलेली साधने उपयोगी पडतात. त्या सगळ्यांमागे एकच युक्ती आहे : बोल्टभोवती, जोडाच्या सांध्यावर, लाकडावर टेकणारी जागा वाढवायची.

पहिले साधन म्हणजे चिरलेले कडे. दोन लाकडांच्या समोरासमोरच्या पृष्ठभागांत गोल चर खोदतात आणि पोलादी कडे अर्धे एकात, अर्धे दुसऱ्यात बसवतात. मधून बोल्ट जातो, पण सरकण्याचा जोर कडे घेते. बोल्ट दोन्ही लाकडे जवळ धरून ठेवतो. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टिंबर इंजिनिअरिंग कंपनीने या कड्याचा प्रसार केला. अडीच आणि चार इंच ही त्याची नेहमीची मापे.

दुसरी ताटली. पायाच्या जोडासाठी खरी उपयोगाची हीच. एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीट किंवा पोलाद असेल, तर कडे अर्धे कुठे रुतवणार? म्हणून एक उथळ, काठ असलेली पोलादी ताटली लाकडात तिच्या पृष्ठभागाशी सपाट बसवतात. तिच्या मधल्या भोकातून पायाचा बोल्ट वर येतो. बोल्ट ताटलीला ढकलतो आणि ताटली तिच्या रुंद काठाने लाकडाला. छोट्या ताटलीचा व्यास ६७ मिलिमीटर असतो. बोल्ट एकटा बारा मिलिमीटर रुंदीवर टेकत होता. पायाशी आधीच बोल्टने जोडलेले पण भोके ढिली झालेले घर घट्ट करायलाही हीच ताटली चालते, कारण तिची नवी खोबण जुन्या भोकाच्या बाहेर, शाबूत लाकडात येते.

तिसरा दातेरी पत्रा. त्याला चर खोदावा लागत नाही. दोन लाकडांमध्ये ठेवून बोल्ट आवळला की दात लाकडात घुसतात. पाइन-देवदारासारख्या नरम लाकडात तो उत्तम चालतो. पिकलेल्या ऐनात मात्र दात पुरते शिरत नाहीत, वाकतात. आपल्या भागातल्या लाकडाला तो बेताचाच.

चौथे साधन भारतीय आहे आणि ते अधिक लोकांना माहीत असायला हवे. राष्ट्रीय इमारत संहितेत कठीण लाकडाच्या चकतीचा जोड दिलेला आहे. चकती मध्ये जाड आणि दोन्ही कडांकडे निमुळती. अर्धी एका तुकड्यात, अर्धी दुसऱ्यात बसते आणि मधून एकच बोल्ट जातो. अट अशी, की चकतीचे लाकूड जोडल्या जाणाऱ्या लाकडापेक्षा घट्ट आणि अधिक वाळलेले हवे. पोलादी कडे गावात मिळत नाही, पण कठीण लाकूड आणि ते घडवणारा सुतार मिळतो. वासा-तुळई, तुळई-खांब या वरच्या जोडांना हा मार्ग चांगला. पायाशी, जिथे समोर काँक्रीट आहे, तिथे पोलादच लागते.

७. ओल

तळखडा जुन्या सुताराने आणखी एका कारणासाठी ठेवला होता. लाकडाचे बूड जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून वर राहावे. बोल्टच्या उत्साहात खांबाचे बूड थेट काँक्रीटमध्ये गाडले, तर हा फायदा हातचा जातो. लाकूड सुकताना आकसते, काँक्रीट आणि खांब यांच्यात फट पडते, पावसाचे पाणी तिच्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट नसते. वरून धडधाकट दिसणारा खांब आत कुजतो. या चुकीने अनेक पडव्या खचल्या आहेत आणि ती टाळणे अगदी सोपे आहे.

यू पट्टी ओतताना खांबाचे बूड काँक्रीटपासून इंचभर वर राहील असे करावे. ठोकळ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. खांबाचे कापलेले टोक तंतूंच्या नळ्यांमधून पाणी सर्वांत जास्त शोषते, म्हणून तिथे रक्षक औषध किंवा गरम डांबर भरपूर लावावे. पट्टी आणि बोल्ट जस्ताचा लेप दिलेले घ्यावेत. नुसता रंग आडव्या बोल्टच्या भोकात पहिल्याच वेळी खरवडला जातो.

८. जुन्या घरात काम कसे करायचे

अख्खे घर उचलावे लागत नाही. एका वेळी एक खांब. शेजारी टेकू देऊन तुळई पेलायची, खांबाचा भार काढून घ्यायचा, तळखडा काढून खड्डा घ्यायचा, ठोकळा ओतून त्यात बोल्ट उभा करायचा. काँक्रीट मुरले की पट्टी बसवून खांब परत खाली. बूड कुजलेले असेल तर तेवढे कापून टाकायला हीच वेळ. सुरुवात कोपऱ्यांच्या खांबांपासून करावी, मग पडवीच्या बाहेरच्या रांगेपासून, कारण ओढ तिथे सर्वांत जास्त. पैसे कमी असतील तर चार कोपऱ्यांची वरपासून खालपर्यंतची पूर्ण वाट पक्की करावी. बारा खांबांचे फक्त बूड पक्के करून वरचे जोड तसेच सोडण्यापेक्षा ते कधीही चांगले. वासा आणि तुळई यांच्यावरून पोलादी पट्टी वळवून दोन्ही बाजूंनी आडवे खिळे मारले की वरचा जोड ओढीला तयार होतो.

पायाला जखडलेले घर भूकंपात सरकणार नाही, झटका पूर्ण घेईल. म्हणून खांबांच्या चौकटींना कोपऱ्यात तिरपे दांडे देणे हा याच कामाचा भाग आहे. काही खांब जखडलेले आणि काही मोकळे, असे घर मात्र दोन्हीकडून अडचणीत येते; म्हणून पैशांअभावी चार कोपऱ्यांवर थांबलेले काम जमेल तितक्या लवकर पूर्ण करावे.

पुराचा विचारही इथेच येतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सावित्रीने महाड बुडवले. सागाचे लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलोंचे, तेवढ्याच पाण्याचे वजन १००० किलो. बुडालेले प्रत्येक घनमीटर लाकूड ३५० किलोंनी वर उचलू पाहते. डोक्यावर कौले असेपर्यंत हे जाणवत नाही. हलक्या छपराचा सांगाडा मात्र पाण्याने तळखड्यावरून हलतो, आणि तिथेही बोल्टच धरून ठेवतो.

त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुई या गावांनी हेच भोगले होते. अशा जागी खांब कशालाही जखडा, उपयोग नाही. तिथे प्रश्न घराच्या जागेचा आहे आणि तो खड्डा घेण्याच्या आधी सुटला पाहिजे. घरामागचा उतार तडकलेला असेल, झाडे कलली असतील, नवे झरे फुटले असतील, तर बोल्टवर खर्च न करता जागा सोडण्याचा विचार करावा.

जागा सुरक्षित असेल आणि काम झाले असेल, तर एक पाना घरात ठेवावा. मार्च ते मे लाकूड सुकून आकसते आणि गेल्या पावसाळ्यात घट्ट असलेला नट पाव वळसा, कधी अर्धा वळसा सैल होतो. मृग लागण्याच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येक खांबाचा नट आवळावा. पट्टी लाकडात रुतू लागेल इतका नाही, हाताला पक्के लागेपर्यंत. त्याच वेळी पट्टीच्या आतल्या बाजूला गंज आणि खांबाच्या बुडाला वाळवीची मातीची नळी दिसते का, तेही पाहावे.